आपापला दाणा

१

निरोप आला त्या सकाळी आम्ही गोणपाट उघडत होतो.

मे महिन्याचा मधला आठवडा होता. मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी, माझ्या नवऱ्याच्या, देवानंदांच्या शाळेलाही सुट्टी. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायचं तर आधी त्याची उगवण पाहावी लागते. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट पसरायचं, चटईसारखी गुंडाळी करून सुतळीनं बांधायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उघडायचं. शंभरातले सत्तर दाणे नीट उगवलेले दिसले की बियाणं पेरण्याजोगं.

आमच्या घरात यात एक भर होती. आमची मुलगी डिंपल चार वर्षांची असताना तिनं हट्ट केला, मला माझा दाणा पाहिजे. देवानंदांनी तिला शेवटच्या ओळीत एक दाणा ठेवू दिला. मग आजीचा दाणा कुठे, काकाचा कुठे, असं होत होत ती रीतच पडली. नव्वद दाणे देवानंद मांडत. शेवटच्या ओळीत पहिला दाणा आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, दुसरा देवानंदांचा, तिसरा माझा, चौथा माझे धाकटे दीर प्रसेनजित यांचा आणि पाचवा डिंपलचा. प्रत्येकानं आपापला दाणा आपल्या हातानं ठेवायचा. उरलेले पाच पुन्हा देवानंद ठेवत. डिंपल बावीस वर्षांची झाली, नर्सिंग शिकून आली, तरी हा खेळ सुटला नव्हता.

देवानंद त्या सकाळी मोटरसायकलवर लोणारला लग्नाला गेले होते. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत थांबा, मंग उघडू." आई थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मी ओळींवर बोट फिरवत मोजत होते. बहात्तर भरले. शेवटच्या ओळीत आईंचा, माझा, प्रसेनजितचा, डिंपलचा दाणा छान उगवला होता. दुसरा दाणा नुसता फुगून पडला होता.

"पाह्य व," आई म्हणाल्या, "माह्या पोराचा दाणा अजून झोपूनच हाये. लहानपणापासून असाच. उठवल्याबिगर उठत नाही."

"सुट्टी चालू आहे त्यांची, आजी," डिंपल म्हणाली. "आणि काकाचा पाहा. दाणा दरवर्षी उगवते, लग्न काही उगवत नाही."

आम्ही तिघी हसत होतो. तेवढ्यात प्रसेनजित दारात आले. पायात चप्पल नव्हती. हातात फोन होता आणि तो त्यांनी कानापासून लांब, असा धरला होता की जणू तो गरम आहे.

"वहिनी, चाला," ते म्हणाले. "सुलतानपूरच्या अलीकडं. वळणावर. ट्रॉली उभी होती."

माझं बोट अजून गोणपाटावर होतं.

२

देवानंदांच्या जलदान विधीला आणि नंतरच्या पुण्यानुमोदनाला खूप माणसं आली. त्यांच्या शाळेतली मुलंसुद्धा आली. ज्यानं त्यानं आपल्या परीनं धीर दिला, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात तेच एक वाक्य होतं. इतकंच लिहिलं होतं. वेळ भरली होती.

मी ऐकून घेत होते. पण मनात उत्तर तयार होतं. त्या ट्रॉलीच्या मागे साधं लाल फडकंसुद्धा बांधलेलं नव्हतं. यात कुणी काही लिहिलेलं नव्हतं. कुणीतरी काहीतरी बांधलं नव्हतं, एवढंच.

आमच्या घरात नशीब हा शब्द चालत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांचे एक मित्र म्हणाले होते, पत्रिका तरी दाखवा. तेव्हा आईंनीच त्यांना गप्प केलं होतं. "आमाले गुण जुळवाचे नाही, माणसं जुळवाची हायेत." आम्ही त्या वळणाचं घर. म्हणून पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी आई जे बोलल्या त्याचा मला जास्त धक्का बसला.

त्या समोरच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मी चहा दिला. त्यांनी कप हातात धरला आणि म्हणाल्या, "दाण्यानं सांगतलं होतं. आपण हासलो."

"आई, अठ्ठावीस दाणे उगवले नव्हते."

"पण त्याच्यातला त्याचा एकच होता."

मी मेहकरला बारावीला गणित शिकवते. संभाव्यता शिकवताना मुलांना आधी नाणं उडवायला लावते. दहा वेळा उडवा, मग शंभर वेळा. दहात कधी सात छापे येतात, कधी तीन. शंभरात आकडा पन्नासच्या आसपास येऊन बसतो. मग मी सांगते, एका वेळेबद्दल हे गणित काहीच बोलत नाही. ते पुष्कळांबद्दल बोलतं. शंभरातले साधारण अठ्ठावीस उगवणार नाहीत, हे ते सांगतं. कोणते, ते नाही.

आईंना मी हे सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. त्या म्हणाल्या, "मंग तुह्यं गणित कायच्या कामाचं, बाई? मले तं कोणता हेच पाह्यजे."

३

त्याच आठवड्यात प्रसेनजित म्हणाले, "वहिनी, एका गुंडाळीवर दादा भरोसा करत नव्हता. तीन पाह्यल्याशिवाय पोत्याले हात लावू देत नव्हता. अजून दोनदा पाहू."

मलाही ते पटलं. बियाण्यासाठी पटलं, आणि आईंसाठीही. पुन्हा करू, पुन्हा दुसरेच दाणे राहतील. एकदा आईंचा, एकदा माझा. त्यांनाच दिसेल की यात काही नाही.

त्या दिवशी नव्वद दाणे मी मांडले. शेवटची ओळ आली तेव्हा आई म्हणाल्या, "माह्या देवानंदची जागा रिकामी ठेव." मी ठेवली. आईंनी आपला दाणा ठेवला, मी, प्रसेनजितनं, डिंपलनं ठेवला, मग मी पाच. नव्व्याण्णव दाणे. गुंडाळी केली, सुतळीची दुहेरी गाठ करकचून मारली आणि मागच्या खोलीत पाण्याच्या टाकीशेजारी उभी ठेवली. मागच्या खोलीला एकच लहान खिडकी आहे, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडते. उन्हाळ्यात घरातली तेवढीच जागा थंड असते.

सातव्या दिवशी गाठ सोडायला मी विळी घेऊन बसले. विळी लागली नाही. सुतळीचं एक टोक लोंबत होतं. ते ओढलं आणि गाठ सुळ्ळकन सुटली.

ती गाठ मला माहीत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडा बांधायचं काम देवानंदांकडे असे. एका ओढीत झेंडा सुटून फडकला पाहिजे, अशी ती गाठ. घरात पोत्याचं तोंड, मच्छरदाणी, शिदोरी, सगळं ते त्याच गाठीनं बांधत.

"भाऊजी, तुम्ही बांधली का ही?" मी विचारलं.

"मी कायले बांधू? मले ते जमतही नाही. दादानं दहा खेप शिकवली, पण माह्या हातची कधी सुटलीच नाही."

मग मीच बांधली असेल. चोवीस वर्षं जे डोळ्यांसमोर पाहिलं ते हातानं नकळत केलं असेल. मी गोणपाट पसरलं.

दुसऱ्या जागेवर दाणा होता.

फुगलेला, गुळगुळीत, कोंब नसलेला. आजूबाजूच्या दाण्यांच्या मधोमध, ओळ न सोडता. मी सगळं मोजलं. शंभर भरले. उगवलेले एकाहत्तर.

मला कारण सापडायला वेळ लागला नाही. गोणपाट तेच होतं, मागचा एखादा दाणा विणीत अडकून राहिला असणार, गुंडाळताना घसरून तिथे आला असणार. मी हे मोठ्यानं सांगितलंसुद्धा. प्रसेनजित "हाव, असन" म्हणाले.

आई त्या दाण्याकडे पाहतच नव्हत्या. त्या पाचव्या जागेकडे पाहत होत्या. डिंपलचा दाणा उगवला नव्हता.

जेवताना त्या म्हणाल्या, "डिंपलले पाठवू नको."

४

डिंपलला संभाजीनगरच्या एका दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली होती. दोन वर्षं परीक्षा देत होती, तेव्हा कुठे यादीत नाव आलं. जूनच्या मध्याला हजर व्हायचं होतं. त्या दिवशी गेली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळणार होती. मेहकरहून बस सुलतानपूरवरूनच जाते. तिथपर्यंत लोणारचा आणि संभाजीनगरचा रस्ता एकच.

"आजी," डिंपल म्हणाली, "एका सोयाबीनसाठी मी नोकरी सोडू? लोकं काय म्हणतील? का व पोरी, काऊन नाही गेली? तं म्हणे कोंब आला नाही."

"हास," आई म्हणाल्या. "त्या दिवशीही हासली होतीस."

डिंपल ताटावरून उठली.

तिसरी गुंडाळी मी विचार करून बांधली. बाजारातून नवं कोरं गोणपाट आणलं. सुतळीऐवजी नायलॉनची दोरी घेतली, कारण नायलॉनवर ती गाठ टिकत नाही, सरकते. दुसरी जागा रिकामी ठेवली आणि डिंपललाही मोजायला लावलं. नव्व्याण्णव. गुंडाळी टाकीजवळ न ठेवता त्याच खोलीत समोरच्या भिंतीला लावली.

मध्ये दोन दिवस मी आणि डिंपल देवानंदांच्या कागदपत्रांसाठी बुलढाण्याला माझ्या बहिणीकडे होतो. प्रसेनजित शेतात, आईंना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. परत येताना बसमध्ये मला आठवलं की पाणी शिंपडायला कुणाला सांगितलंच नाही. आमच्याकडे त्या दिवसांत नळाला आठवड्यानं पाणी येतं आणि दुपारी वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. दाणे मेले असणार, असं धरून मी मागच्या खोलीत गेले.

गोणपाट ओलं होतं. हात लावला तर बोटांवर पाणी आलं. खाली फरशीवर गोल ओलावा होता.

"मी नाही टाकलं," आई पलंगावरून म्हणाल्या. "मले वाटलं तुमीच कोणाले सांगून गेल्या. रोज दुपारी आवाज येत होता."

"कसला आवाज?"

"पाणी शिंपडल्याचा."

सातव्या दिवशी नायलॉनची दोरी एका ओढीत सुटली. उगवलेले त्र्याहत्तर. दुसऱ्या जागेवर दाणा. पाचव्या जागेवर डिंपलचा, नुसता फुगलेला.

मी त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब केला. एखादा दाणा न उगवण्याची शक्यता शंभरात अठ्ठावीस. लागोपाठ दोनदा न उगवण्याची, शंभरात आठ. माझ्या वर्गात साठ मुलं बसतात. साठांनी हा खेळ केला तर चार-पाच जणांच्या बाबतीत असं होईलच. त्यातलं एक डिंपल. यात घाबरण्यासारखं काहीही नाही. हा हिशेब बरोबर होता. आजही बरोबर आहे.

पण दुसऱ्या जागेवरच्या दाण्याचं काय करायचं ते मला कळेना. शक्यता काढायला खाली छेद लागतो. अशा किती गुंडाळ्यांत, किती घरांत रिकाम्या जागी दाणा आला? त्या अपूर्णांकाला खाली काही नव्हतं.

सकाळी डिंपल केस विंचरत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मम्मी, परीक्षा पुढच्या वर्षीही असते. तुझ्याजवळ राहते ना एखादं वर्ष."

तिचा आवाज साधा होता. मी तिच्या हातातला कंगवा पाहिला. तो एकाच बटेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता.

तोपर्यंत मी घाबरलेली होते. त्या क्षणापासून मला राग आला. माझा नवरा एका फडक्याअभावी गेला होता आणि आता माझी मुलगी एका दाण्याअभावी घरात बसणार होती.

५

बियाण्यासाठी चौथ्या गुंडाळीची गरज नव्हती. तिन्ही वेळचं मिळून शंभराला बहात्तर पडत होते. प्रसेनजितनी तसं सांगितलंही. मी म्हटलं, मला करायची आहे.

आई शेजारी गेलेल्या पाहून मी डिंपलला मागच्या खोलीत बोलावलं. नव्वद मांडून झाले होते, आई आणि प्रसेनजित आपापला दाणा ठेवून गेले होते. शेवटच्या ओळीत मी तिसऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"तुझा दाणा इथे ठेव."

"ही तर तुझी जागा."

"ठेव."

तिनं ठेवला. मग मी माझा दाणा पाचव्या जागेवर ठेवला. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी वरून गोणपाट पसरलं आणि गुंडाळायला लागले. घट्ट गुंडाळी करून सुतळीची दुहेरी गाठ मारली.

सातवा दिवस डिंपल निघण्याच्या दिवशी येत होता.

चौथ्या की पाचव्या दुपारची गोष्ट. आई समोरच्या खोलीत झोपल्या होत्या. डिंपल मेहकरला बॅग आणायला गेली होती. मी स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडत होते. पंखा बंद होता, वीज गेली होती, म्हणून घर फार शांत होतं.

मागच्या खोलीतून आवाज आला. तांब्यातून ओंजळीत पाणी घेतल्याचा. मग झटकल्याचा. एक, दोन, तीन. मग कोरड्या कापडावर ओला हात पुसल्यासारखा एक लांब आवाज.

देवानंद असंच पाणी शिंपडत. तीन झटके, आणि उरलेला ओला हात गोणपाटावरच पुसायचा, म्हणजे थेंब वाया जायला नको.

मी ताट खाली ठेवलं. टाकी गळत असेल, असं स्वतःला सांगितलं. शेजारी कुणी अंगणात सडा टाकत असेल. हे म्हणत म्हणतच मी मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले.

खिडकीतून राखाडी उजेड येत होता. तांब्या टाकीवर होता, पालथा, मी ठेवला तसा. गुंडाळी भिंतीशी उभी होती. तिच्यावर पाणी पडलं. वरून नाही, गळल्यासारखं नाही. समोरून, विखरून, माणसाच्या कंबरेच्या उंचीवरून. थेंब गोणपाटावर बसले आणि आत मुरले. मग गोणपाट एका ठिकाणी दबलं. चार बोटं आणि तळहात मावेल एवढंच. तो दाब वरून खाली सरकत आला, आणि त्याच्या मागे गोणपाटाची लव सावकाश पुन्हा उभी राहिली.

सुतळीचं लोंबतं टोक हललं. ते फासातून आत, थोडं थोडं, ओढलं गेलं आणि गाठ आवळली.

मला पळून जाता आलं असतं. पण त्या गाठीकडे पाहून मला पहिल्यांदा रडू आलं, आणि रडू आल्यावर भीती मागे पडली. दारात उभी राहूनच मी बोलले. आवाज चढवला नाही, कारण आई झोपल्या होत्या.

"तुम्हाला काही सांगायचं असेल, तर मी ऐकलं. तुम्हाला कुणी सोबतीला हवं असेल, तर तेही ऐकलं. दोन्हींना माझं उत्तर एकच आहे. पोरगी जाणार आहे."

खोलीत काहीही झालं नाही. खूप वेळ झालं नाही. मग वीज आली, स्वयंपाकघरातला पंखा फिरू लागला, आणि निवडलेल्या तांदळातला कोंडा ताटाबाहेर उडाला.

६

जाण्याच्या सकाळी आई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. आडव्या नाही, पण बाजूला सरकून बसल्या असंही नाही. डिंपलची बॅग बाहेर प्रसेनजितच्या मोटरसायकलवर बांधलेली होती. ते तिला मेहकरच्या स्टँडवर सोडणार होते.

"आज सातवा दिवस हाये," आई मला म्हणाल्या. "माह्यं एक ऐक. उघडून पाह्य. कोंब आला तं मीच तिले बसमंधी बसवून येतो. माह्या हातानं तिकीट काढतो."

"आणि नाही आला तर?"

त्यांनी बाहेर बांधलेल्या बॅगेकडे पाहिलं.

"आई, आला तरी मला उघडायचं नाही."

"काऊन? आला तं तुलेही बरं वाटन ना."

"म्हणूनच. आज आला म्हणून गेली, तर दिवाळीला येताना पुन्हा पाहू. परत जाताना पुन्हा. तिच्या लग्नाला पाहू, तिच्या बाळंतपणाला पाहू. तुम्ही माझी पत्रिका पाहू दिली नव्हती. मी तिची सोयाबीनवर का पाहू?"

आईंचा चेहरा आखडला. त्यांनी पदर तोंडाला लावला. डिंपल त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आजी, हिशेब सांगू? मम्मीचा नाही, माझा. मेहकरहून ही सकाळची बस मी शाळेत होते तेव्हापासून जाते. रोज जाते, रोज पोचते. किती झाल्या असतील?"

"एखांदी नाही पोचत."

"हो. एखादी नाही पोचत," डिंपल म्हणाली. "पप्पा नाही पोचले. मला माहीत आहे, आजी."

मी तिच्याकडे पाहत होते. एवढे दिवस मी ज्या अपूर्णांकाचा छेद शोधत होते तो तिनं असा सहज उचलून समोर ठेवला होता. रोज जाणाऱ्या आणि पोचणाऱ्या बसचा छेद. त्यात तिचे वडीलही धरलेले होते. तिनं ते वगळले नव्हते.

आई भिंतीला हात लावून उठल्या. वाट मोकळी झाली. डिंपलनं वाकून त्यांना जयभीम घातला. आईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"पोचली की फोन कर," त्या म्हणाल्या. "आणि वळणावर डोळे मिटू नको. उघडे ठेव."

प्रसेनजित मोटरसायकल सुरू करता करता म्हणाले, "चाल व डिंपल, तुह्यी आजी आता माह्या लग्नाचाही दाणा काढन."

त्या दुपारी जालन्याहून तिचा फोन आला. संध्याकाळी पोचल्याचा आला. आईंनी माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला, तिचं सगळं ऐकलं आणि परत दिला.

७

आता श्रावण लागलाय. प्रसेनजितनी तेच बियाणं पेरलं. पेरणीच्या तासांमध्ये सगळीकडे उगवलं आहे आणि सगळीकडे थोडी थोडी खांडं, म्हणजे रिकाम्या जागा, आहेत. शंभराला सत्तर-बहात्तर. त्या बाबतीत गणित चुकलं नाही.

डिंपल रोज संध्याकाळी फोन करते. तिथली जेवणाची पद्धत, रात्रपाळी, कोणाला सलाईन लावताना कोण रडलं, असं सांगते. सगळं सांगून झाल्यावर थोडी थांबते. काय विचारायचं आहे ते मला माहीत असतं. पाचव्या जागी माझा दाणा आहे, हे आम्हा दोघींनाच माहीत आहे. मी म्हणते, "नाही उघडली." ती म्हणते, "बरं," आणि फोन ठेवते.

गुंडाळी मागच्या खोलीत भिंतीशी उभी आहे. दोन महिन्यांत ती कुजायला हवी होती. तिला वास येत नाही. तिच्यावर कुणी पाणी टाकत नाही, तरी खालची फरशी वाळलेली मी पाहिलेली नाही. दुपारी मी घरी असले की कधी कधी आवाज येतो. मी त्या खोलीत जाते, टाकीतून पाणी घेते, बाहेर येते. मला तिथून हाकलून लावेल असं काही अजून झालेलं नाही, आणि झालं तरी पाणी लागणारच आहे.

गेल्या आठवड्यात गुंडाळीच्या खालच्या टोकाशी विणीतून काही पांढरं बाहेर आलेलं दिसलं. शेवटची ओळ त्याच टोकाला असते. कोंब असेल, बुरशी असेल. मी वाकून पाहिलं नाही. आई रोज सकाळी त्या दारापर्यंत येतात, आत पाहतात, मग माझ्याकडे पाहतात. विचारत नाहीत.

सुतळीचं टोक लोंबत आहे. एका ओढीचं काम आहे.

गुंडाळी मी उघडलेली नाही.